नेजाबाईची खिडकी

॥ श्री ॥

अर्जुनी मोरगाव
५ फेब्रुवारी २०२५

चि. भूमिका हिस मोठ्या आईचे अनेक आशीर्वाद.

तू पोचल्याचं कळलं. तेही तुझ्या भावाकडून, अश्विनकडून, कारण त्याला तू नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलंस. इतक्या लांब गेलेल्या मुलीची खुशाली अंगठ्यावर भागवायची, ही कुठली रीत? म्हणून माझा नियम ऐक. मी कागदावर लिहीन, अश्विन त्याचा फोटो काढून तुला पाठवील, आणि तूही हाताने लिहून तसंच पाठवायचं. टपालावर सोडलं तर तू परत येऊन माझ्यासमोर चहा पीत बसशील तेव्हा माझं पत्र तिथं पोचेल.

तुझ्या बदल्यात आलेली मुलगी परवा गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीने आली. तुमच्या फार्मसी कॉलेजची ही अदलाबदल मला आधीपासूनच विचित्र वाटत होती. तू स्लोव्हेनियात तिच्या आईकडे राहायचं, तिनं आमच्याकडे. तू तिथल्या औषधाच्या दुकानात शिकायचं, तिनं आपल्या ट्रस्टच्या दवाखान्यात ओमेशच्या हाताखाली औषधाच्या खिडकीवर. मी दवाखान्याच्या समितीवर आहे म्हणून पाहुणीचा भार माझ्यावर. असो. भांडी आपल्याकडे पुष्कळ आहेत.

राग मला कॉलेजचा आला. परदेशी पाहुण्यांशी कसं वागावं याचा छापील कागद त्यांनी आधी धाडला होता. तिखट देऊ नका, आग्रह करू नका, वय विचारू नका, लग्नाचं विचारू नका, अंगाला हात लावू नका. मग उरलं काय? पाहुणीला कपाटात ठेवून कुलूप लावू? कॉन्व्हेंटात सिस्टर अगाथाने मला सुरीकाटा धरायला शिकवलं, पण आमच्याशी कसं वागावं याचा कागद तिला कुणी दिल्याचं मला आठवत नाही. तो कागद मी चुलीत घातला.

आणि मुलगी? नाव नेझा. दारात आली, कुणी न सांगता बूट काढले, आणि पिशवीतून लोकरी सपाता काढून आमच्यापुढे ठेवल्या. त्यांच्याकडे म्हणे घरात येणाऱ्याला सपाता देतात. आमच्या ह्यांना त्या इतक्या आवडल्या की ते त्या घालून शेळ्यांच्या गोठ्यात जातात. हे तिच्याशी झाडीबोलीत बोलतात, ती त्यांच्याशी तिच्या भाषेत, आणि रोज सकाळी दोघं तळ्याच्या पाळीवर फिरून येतात. काय कळतं कुणास ठाऊक. तांदळाच्या पिठाचे आयते चार खाल्ले तिनं, लाखोळीच्या भाजीसोबत, हाताने. बोलते कमी. ते मला सहन होत नाही, पण बघू.

बीपीची गोळी हे घेतात. मी नीट आहे. तिथं थंडीत कानटोपी घाल, फॅशन परत आल्यावर कर.

माया आहेच. ती कमी पडली तर कळव, आणखी पाठवीन.

तुझी
मोठी आई

*

ल्युब्ल्याना
११ फेब्रुवारी २०२५

ती. मोठ्या आईस भूमिकाचा शि. सा. न. वि. वि.

नियम पाळते आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस, बोटं गारठली आहेत. बाहेर बर्फ आहे. नेझाच्या आईनं, मारियाबाईंनी, मलाही दारातच सपाता दिल्या, आणि त्या नेझाच्या आहेत हे कळल्यावर मला उगाच रडू आलं. मोठेबाबांना सांग, गोठ्यात नको.

इथलं औषधाचं दुकान आपल्या देवघरासारखं शांत असतं. खिडकीच्या अलीकडे फरशीवर एक रेष आहे. एक माणूस खिडकीशी उभा असला की बाकीचे त्या रेषेमागे थांबतात. कुणी ओलांडत नाही. मला पहिल्या दिवशी हसू आलं. आपल्याकडे ओमेशदादाच्या खिडकीत एका वेळी सात डोकी असतात आणि सगळ्यांना सगळ्यांचं मूळव्याध माहीत असतं.

पण हसू टिकलं नाही. एक म्हातारे आजोबा मुलीला घेऊन आले. मुलीला इंग्रजी येत होतं, म्हणून मी आपल्याकडे करतो तसं तिच्याकडे वळून सगळं सांगितलं. गोळी केव्हा द्या, पथ्य काय, लघवीला सारखं जावं लागेल तेही. आजोबा लालबुंद झाले. ते काय म्हणाले ते मुलीनेच मला सांगितलं. म्हणाले की मी अजून जिवंत आहे, दुखणं माझं आहे, माझ्याशी बोला.

माझ्या शिकवणाऱ्या बाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी मला रेषेच्या त्या बाजूला उभं केलं आणि म्हणाल्या की आता तू आजारी, ये आणि मला तुझं दुखणं सांग. मी पाळीच्या दुखण्याचं सांगायला तोंड उघडलं आणि मागे एक गृहस्थ उभे दिसले. ते रेषेबाहेरच होते, तरी माझी जीभ वळेना. तेव्हा ती रेष कशासाठी ते कळलं. आजोबा पुन्हा आले की मी त्यांची माफी मागणार आहे. तेवढं वाक्य मारियाबाईंकडून त्यांच्या भाषेत पाठ करते आहे.

नेझाला बोलतं करायचा तुझा बेत मला माहीत आहे. जरा दमाने घे.

तुझ्या रागाइतकीच तुझी माया हवी आहे.

तुझी
भूमिका

*

अर्जुनी मोरगाव
२० फेब्रुवारी २०२५

चि. भूमिका हिस आशीर्वाद.

म्हाताऱ्याला दुखावलंस म्हणून तुला चार शब्द लिहिणार होते. ते राहिले. इथं त्याहून मोठं होऊन बसलंय.

मंगळवारी ओमेश माल आणायला गोंदियाला गेला होता. त्याच्या जागी खिडकीवर बदलीवरचे फार्मासिस्ट रामलाल, आणि शेजारी नेझा. दोघांनाही आपली माणसं अनोळखी. ओमेश कार्ड बघत नाही, चेहरा बघून औषध देतो, ते तुला ठाऊक आहेच. नवेगावबांधच्या रस्त्यावरच्या गावची सावित्रीबाई नवऱ्याच्या फिटच्या गोळ्या न्यायला आली. कार्ड नव्हतं. शेळीने खाल्लं म्हणे.

नेझाने रामलालकरवी विचारलं की पेशंटचं नाव सांगा. सावित्रीबाई म्हणे, आमच्या घरचे. पुन्हा विचारलं, तर म्हणे हिमांशूचे बाबा. तिसऱ्यांदा विचारलं, तर म्हणे कायले सतावून राहिले जी, साऱ्या अर्जुनीले मालूम आहे. मागे तिच्या दोघी जावा उभ्या होत्या, पण तो त्यांचा जेठ, मग त्या तरी नाव कशा घेणार? पदर तोंडाला लावून उभ्या. फिटच्या गोळ्या नेणारे तिघेजण आहेत आणि तिघांचा डोस वेगळा. ओमेशचा फोन लागेना, तेव्हा नेझाने नाही म्हणून मान हलवली. सावित्रीबाई चारच्या बसने रिकाम्या हाताने गेली.

काल तिचा नवरा, दुधराम, गावच्या तळ्याच्या, त्यांच्या बोडीच्या, पाळीवर फिट येऊन पडला. कपाळाला टाके पडले. वाचला, पण पाणी दोन हातांवर होतं. आता गावात एकच बोलणं, की गोऱ्या पोरीने गोळी दिली नाही.

मी नेझावर ओरडले. नन्सच्या इंग्रजीत ओरडले, ते ओरडण्यासाठीच बनलं आहे. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की त्या बाईला नाव का सांगता येईना. मी म्हटलं की नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं ह्या अडाणी बायका मानतात, मला त्यांची लाज वाटते. रडली असती तर मी माफ केलं असतं. तिने ताट धुऊन ठेवलं, ओमेशला फोन लावायला सांगितलं, आणि अंधार पडायच्या आत गोळ्या घेऊन त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून दुधरामच्या घरी गेली.

ओमेश सांगत होता की सावित्रीबाईने तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. आपल्या भागात दारात आलेल्याला पाणी न विचारणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. ही बूट काढून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. दुधरामने गोळी गिळलेली बघितली आणि मगच वळली. एक शब्द स्वतःच्या बाजूने बोलली नाही. हे मला मान्य करावं लागतं.

सोमवारी समितीची सभा आहे. अध्यक्ष छोटेलालजी म्हणतात की मुलीला परत पाठवा, कॉलेजशी ते बोललेत. तसं झालं तर तिचं वर्ष वाया जाईल. माझं मत अजून ठरलेलं नाही. चांगली पोर आहे, पण तो माणूस पाण्यात पडला असता तर?

माझं डोकं ठिकाणावर नाही, तरी तुझ्यावरचा जीव ठिकाणावर आहे.

तुझी
मोठी आई

*

ल्युब्ल्याना
२२ फेब्रुवारी २०२५

ती. मोठ्या आईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून झोप लागली नाही. दुधरामकाका बरे आहेत ना? लगेच कळव.

सभेत तू नेझाच्या विरुद्ध मत देऊ नकोस. मी तिची मैत्रीण म्हणून सांगत नाही, आमची तर विमानतळावर जेमतेम भेट झाली. पण नाव न विचारता तिने दुसऱ्याच डोसची गोळी दिली असती तर? तरीही फिट आलीच असती, आणि मग लोक म्हणाले असते की चुकीची गोळी दिली. ओमेशदादाला सगळे चेहरे पाठ आहेत, पण ओमेशदादा आजारी पडला की अर्जुनीचं काय? तिचं विचारणं बरोबर होतं. कसं विचारायचं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, जसं मला आजोबांशी कसं बोलायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. ते आजोबा काल आले. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी माझा उच्चार दुरुस्त केला आणि मग हात मिळवला.

आता एक सांगते, रागावू नकोस. काल जेवताना मारियाबाईंनी विचारलं की मिस्टर हे कसे आहेत. मला कळेना. त्या म्हणाल्या की नेझा दर पत्रात लिहिते, मिस्टर हे मला तळ्यावर नेतात, मिस्टर हे फार प्रेमळ आहेत, मिस्टर हे शेळ्यांना गाणी म्हणतात. मोठ्याई, मी पोट धरून हसले. आणि मग हसता हसता थांबले. तिला तुझ्या घरात इतके दिवस झाले, पण घरधन्याचं नाव माहीत नाही, कारण ते उच्चारणारं घरात कुणी नाही. आम्ही मोठेबाबा म्हणतो, तू हे म्हणतेस. शाळेच्या मस्टरवर जन्मभर त्यांचं नाव मधे घालून सही केलीस, पण तोंडाने? मी खूप आठवून पाहिलं. बँकेतसुद्धा तू पासबुक पुढे सरकवतेस.

सावित्रीबाई अडाणी असेल. तू तर कॉन्व्हेंटची आहेस.

वाटल्यास परत आल्यावर कान पिळ, पण तोवर लोभ कमी करू नकोस.

तुझी
भूमिका

*

अर्जुनी मोरगाव
१० मार्च २०२५

चि. भूमिका हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मी तुझ्याशी अबोला धरला होता. तो तुला इतक्या लांबून कळला नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते. आता सोडला. कान मात्र पिळीनच.

दुधराम ठीक आहे. पट्टी निघाली.

सभेत छोटेलालजी पुष्कळ बोलले. आपली संस्कृती, आपल्या माता-भगिनी, बाहेरच्या लोकांना काय कळणार. मी त्यांना विचारलं की तुमच्या सौभाग्यवती तुमचं औषध न्यायला आल्या तर खिडकीवर नाव काय सांगतील. ते म्हणाले, मालक म्हणतील. मी म्हटलं की मग ओमेशने कुठल्या मालकाची गोळी द्यायची, राइस मिलच्या की किराणा दुकानाच्या? सभेत हशा झाला आणि त्यांचं भाषण तिथंच आटोपलं. मग नेझा उभी राहिली. म्हणाली की दुधरामजींना लागलं याचं मला फार वाईट वाटतं. पण नाव कळल्याशिवाय मी पुढेही औषध देणार नाही, कारण चुकीच्या गोळीने माणूस मरतो. विचारायची माझी पद्धत मात्र चुकली, दुसरी पद्धत मला शोधू द्या. हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. भूमिका, मी तीस पोरींच्या वर्गापुढे उभी राहिलेली बाई आहे, इतकं सरळ बोलणं मी क्वचित ऐकलं. मी तिच्या बाजूने हात वर केला आणि छोटेलालजींकडे असं बघितलं की त्यांनीही केला. तिला मार्चअखेर गाठू द्यायचं ठरलं.

पण पद्धत सापडेना. आधार कार्ड आणा म्हणावं, तर निम्म्या बायकांची नवऱ्याची कार्डं नवऱ्याच्या खिशात. नाव लिहून दाखवा म्हणावं, तर लिहिणार कोण?

मग शेजारच्या नीतूच्या भावाचं लग्न आलं. नेझाला नेलं. गृहप्रवेशाच्या वेळी दार अडवून बायकांनी नवरीला नाव घ्यायला लावलं. नेझाने मला विचारलं की हे काय चाललंय. मी तोंड वाकडं करून सांगितलं की खुळचटपणा आहे, एरवी नाव घ्यायचं नाही, पण यमक जुळवून कवितेत घेतलं तर चालतं. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं पोरीला घेरी आली. तिने विचारलं की कवितेत घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होत नाही का. मी म्हटलं, नाही, उलट वाढतं म्हणे. ती गालातल्या गालात हसली. पहिल्यांदा हसली आपल्या घरी येऊन.

मग बुधवार उजाडला. ओमेशला तिने बजावलं होतं की माणूस ओळखीचं असलं तरी नियम सगळ्यांना एकच, खूणसुद्धा करायची नाही. सावित्रीबाई आली. गोळ्या संपत आलेल्या, चेहरा दगडासारखा. मला एकच धास्ती, आज ही परत गेली तर दुधरामच्या गोळ्या पुन्हा तुटणार, आणि नेझाला ठेवून घेणं माझ्याच्याने होणार नव्हतं. नेझा खिडकीतून बाहेर आली. सावित्रीबाईच्या पुढ्यात उभी राहिली, लग्नात बायकांनी अडवला होता तसा दोन्ही हात पसरून रस्ता अडवला, आणि मोडक्या मराठीत म्हणाली की बाई, नाव घ्या.

मग मागून एक म्हातारी खो खो हसली आणि म्हणाली की घे ना वो सावित्रे, लगनात तं मोठी फडाफडा घेतली होतीस. सावित्रीबाई लाजली. नातवंडं झालेली बाई, नव्या नवरीसारखी लाजली. पदर सारखा केला आणि म्हणाली:

बोडीच्या पारीवर मोहाचा झाड,
दुधरामजीच्या गोळीसाठी उघडा जी कवाड.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू. नेझाने आत जाऊन नाव शोधलं, डोस ताडून पाहिला, गोळ्या दिल्या. ओमेशने मान डोलावली, बरोबर. आणि मग रांगेत प्रत्येकीला घाई, आधी माझं, आधी माझं. ज्या जावांनी जेठाचं नाव घेतलं नव्हतं त्यांनी आपापल्या नवऱ्यांची घेतली. एकीने तर तिघांच्या औषधांसाठी तीन घेतली, सासऱ्याचंसुद्धा. आता सगळी पोरं तिला नेजाबाई म्हणतात, आणि सावित्रीबाईने परवा घरून मडकंभर ताक पाठवलं. न विचारलेल्या पाण्याचा हिशेब तिने तसा मिटवला.

तुझी ती रेषही मी तिला वाचून दाखवली होती. तिने खडूने ओढून पाहिली, तर लोक खुशाल तिच्यावर उभे. मग मी रांगोळी आणली. रांगोळीवर पाय द्यायची कुणाची छाती आहे? नाव रांगेत हसत घ्यायचं, आणि मग एकटीने रेषेपलीकडे जाऊन दुखणं हळू आवाजात सांगायचं. परवा एक बाई तिथं पुष्कळ वेळ बोलत होती. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकू आलं नाही याचं मला बरं वाटलं. माझ्यासारखीला, म्हणजे बघ.

कॉलेजने आता विचारलं आहे की पुढच्या वर्षीच्या पाहुण्यांसाठी नवा कागद मी लिहून द्यावा. लिहीन. एकच ओळ लिहीन, लग्नाला घेऊन जा.

शेवटचं. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या. मी त्याच दिवशी रांगेत होते. समितीची सभासद म्हणून सरळ आत जाऊ शकले असते, पण सगळ्या बायका बघत होत्या. माझी पाळी आली. नेझाला घरधन्याचं नाव एव्हाना ओमेशकडून कळलेलं असणार, पण ती तशीच हात पसरून उभी राहिली, माझ्याच घरात खाऊन. मी इंग्रजीत म्हटलं की नॉन्सेन्स. ती हलली नाही. तुझं पत्र मला आठवलं, कार्टे. सावित्रीबाई कोपऱ्यात पिशवी धरून मुद्दाम थांबलेली दिसत होती. मग घेतलं:

नन्सनी शिकवलं इंग्रजी, सासूबाईंनी काम,
जन्मभर जे हे होते, त्यांचं नाव उदाराम.

आवाज थोडा कापला. कुणाच्या लक्षात आलं नसावं, आलं असलं तरी त्यांची सांगायची हिंमत नाही.

बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. हे ओसरीवर त्या सपाता घालून बसले होते. सरकून मला जागा करून दिली. मग म्हणाले की दवाखान्यात काय म्हणालीस ते एकदा मला पण म्हणून दाखव. मी म्हटलं, गोळ्या संपल्या की.

आज सकाळपासून ते डबी हलवून बघताहेत.

लवकर ये. इथं तिघांची माया एकट्या नेझावर चालली आहे, तुझा वाटा मी काढून ठेवला आहे.

तुझी
मोठी आई